कळवण चौकोनात बसते, सप्तशृंगी बसत नाही

लिनक्स वापरणाऱ्यांचे सामान्य आणि प्रगत असे दोन वर्ग कोणी शास्त्रशुद्ध कसोटीवर पाडलेले नसले, तरी व्यवहारात ते ओळखणे अवघड जात नाही. संगणक बंद पडला की ज्याचे काम थांबते तो सामान्य वापरकर्ता, आणि संगणक बंद पडला की ज्याचे काम सुरू होते तो प्रगत. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टॉरव्हाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी ज्याची पहिली वर्दी दिली, तो लिनक्स म्हणजे वस्तुतः केवळ गाभा, अर्थात संगणकाचे यंत्रभाग आणि त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर यांच्यामध्ये उभा राहून दोघांनाही शिस्तीत ठेवणारा आज्ञासंच होय. त्याच्याभोवती संपादक, ब्राउझर, छपाईची व्यवस्था इत्यादी साधने जमवून जो वापरण्याजोगा संच तयार केला जातो, त्यास वितरण म्हणतात. १९९३ पासून चालत आलेल्या डेबियन या वितरणाच्या बाराव्या, म्हणजे २०२३ सालच्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे होती. पॅकेज म्हणजे एका आज्ञेने उतरवून बसविता येईल असे बांधून ठेवलेले सॉफ्टवेअर. यांतील पुष्कळशी पॅकेजे ही इतर पॅकेजांना लागणारी सुटी अंगे असतात हे खरे, परंतु कोणी रोज एक या गतीने सर्व तपासून मगच निवड करावयाचे ठरविले, तर त्यास पावणेदोनशे वर्षे लागतील, आणि या अवधीत कोणीही नवे पॅकेज तयार करू नये अशी विनंती जगभर करावी लागेल. प्रगत वापरकर्त्यास हा हिशेब ठाऊक असतो. तो तरीही तपासू लागतो.

नाशिकपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, गिरणेच्या खोऱ्यात वसलेले कळवण हे तालुक्याचे गाव उन्हाळ कांद्यासाठी, तालुक्यातील सप्तशृंग गडासाठी आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयासाठी परिचित असून लिनक्सच्या इतिहासात त्याचे नाव अद्याप आलेले नाही. असे असले तरी प्रगत वापरकर्त्यांसाठीचे सॉफ्टवेअर पारखण्यास याहून योग्य ठिकाण मिळणे कठीण आहे, कारण असे बहुतेक सॉफ्टवेअर तीन गोष्टी मनाशी धरून लिहिलेले असते: वीज जात नाही, इंटरनेट तुटत नाही, आणि लिपीतील प्रत्येक अक्षर शेजाऱ्याला न शिवता आपापल्या जागी उभे राहते. कळवणमध्ये या तिन्ही गृहीतकांची परीक्षा एकाच दुपारी होऊ शकते. येथे अभिप्रेत असलेला कळवणचा प्रगत वापरकर्ता ही अर्थातच एखादी व्यक्ती नसून प्रकृती आहे. ती कधी महाविद्यालयाच्या संगणक कक्षात, कधी पतसंस्थेच्या काउंटरमागे, तर कधी कांद्याच्या खळ्यावर, मांडीवर जुना लॅपटॉप घेतलेल्या अवस्थेत आढळते, आणि घरच्यांच्या दृष्टीने ती ‘काहीतरी टाइप करत असते’.

या प्रकृतीचा पहिला मुक्काम वितरणाच्या निवडीपाशी पडतो आणि बराच काळ हलत नाही. जेंटू नावाच्या वितरणात सॉफ्टवेअर तयार स्वरूपात घेण्याऐवजी त्याचा मूळ मजकूर उतरवून, तो आपल्याच संगणकावर यंत्राला कळेल अशा रूपात रूपांतरित करून घेण्याची रीत आहे. या रूपांतरास संकलन म्हणतात, आणि एखाद्या मोठ्या ब्राउझरचे संकलन जुन्या लॅपटॉपवर रात्रभर चालूनही सकाळी संपलेले नसते. याचा लाभ असा सांगितला जातो की, सॉफ्टवेअर त्या विशिष्ट यंत्राच्या मापाचे होऊन थोडे अधिक वेगाने चालते. मात्र गावात वीज कधी जाईल हे ज्यास ठाऊक नाही, त्याने बारा तासांचे संकलन रात्री दहाला सुरू करणे यास तंत्रज्ञानापेक्षा श्रद्धेचे अधिष्ठान अधिक लागते. आर्च हे २००२ सालापासूनचे दुसरे वितरण अखंड अद्ययावत राहते, म्हणजे त्यास आवृत्त्या नसतात, रोजच काही ना काही नवे येत असते. वापरकर्ता लग्नसराईत पंधरा दिवस संगणकाकडे फिरकला नाही की परतल्यावर शेकडो पॅकेजे दाराशी ताटकळत असतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा दिवसाचा डेटा त्यांतच संपतो, आणि या अद्ययावतीकरणातून काय बिघडले हे शोधण्यासाठी शेजाऱ्याचा हॉटस्पॉट मागावा लागतो. या दोन्ही पंथांतून फिरून आलेला मनुष्य बहुधा डेबियनच्या स्थिर आवृत्तीवर येऊन टेकतो, जी साधारण दोन वर्षांनी एकदा बदलते आणि जिच्यातील सॉफ्टवेअर बाहेर येईपर्यंत जुने झालेले असते. ही शरणागती तो ‘परिपक्वता’ या नावाने नोंदवितो, आणि ती नोंद खरी आहे.

वीज हीच कसोटी धरली, तर निवडीचा पसारा आश्चर्यकारकरीत्या आटोपता होतो. ग्रामीण भागात शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीने येते हे सर्वज्ञात आहे. घरगुती विजेचे वेळापत्रक असते की नाही याविषयी मतभेद आहेत. अशा ठिकाणी माहिती साठविण्याची पद्धत, म्हणजे फाईल सिस्टिम, ही नोंदवही ठेवणारी असणे अगत्याचे असते, आणि २००८ पासून प्रचारात आलेली ईएक्सटी४ ही पद्धत नेमके तेच करते: तबकडीवरील मांडणीत बदल करण्यापूर्वी तो काय असणार याची नोंद आधी वहीत होते आणि मग बदल होतो, त्यामुळे मध्येच अंधार झाला तरी वीज परतल्यावर संगणक वही उघडून अर्धवट राहिलेले पुरे करतो अथवा सोडून देतो. यामुळे मांडणी वाचते, लिहिणाऱ्याने न साठविलेला परिच्छेद वाचत नाही. हा भेद अनेकांना पहिल्या परिच्छेदाच्या मृत्यूनंतरच आकळतो.

टीमक्स हे २००७ सालचे साधन, मध्येच खंड पडला तरी काम राखणाऱ्या याच कुळातले आहे. दूरच्या संगणकावर चालू असलेली कामाची बैठक ते त्या संगणकावरच जिवंत ठेवते, त्यामुळे कळवणचा संपर्क तुटला तरी पुण्यातल्या सर्व्हरवरील काम थांबत नाही आणि पुन्हा जोडले गेल्यावर कर्सरसुद्धा होता तेथेच लुकलुकत असतो. २०१२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत जन्मलेल्या मॉश या साधनाची उपयुक्तता पायथ्याच्या नांदुरीहून सप्तशृंग गड चढणाऱ्या बसमध्ये सिद्ध होते. वळणागणिक सिग्नल जातो आणि येतो, साधा जोड प्रत्येक वेळी मरतो, मॉशचा जोड मात्र निपचित पडून राहतो आणि सिग्नल आला की काही घडलेच नाही अशा थाटात उठतो. आरसिंक हे १९९६ चे साधन दोन ठिकाणच्या फाइलींची तुलना करून केवळ बदललेला भागच पाठविते, म्हणून तोकड्या इंटरनेटवर त्यास तोड नाही; परंतु त्यात पाठवावयाच्या फोल्डरच्या नावाअखेर एक तिरकी रेघ दिली तर फोल्डरमधील वस्तू जातात आणि न दिली तर फोल्डरसकट जातात, आणि ‘तिकडे जे जास्तीचे असेल ते पुसून टाक’ हा पर्याय जोडलेला असताना ही रेघ चुकून देणाऱ्या मनुष्याच्या चेहऱ्याचे वर्णन संगणकशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळत नाही. या साधनात करून पाहण्याआधी ‘काय झाले असते’ एवढेच सांगणारा कोरडा प्रयोगही ठेवलेला आहे. तो सर्वांना ठाऊक असतो. वापरतात ते, ज्यांचे एकदा पुसले गेले आहे.

उपयुक्ततेचा विचार येथवर ठीक चालतो. तो बिघडतो तो पडद्याच्या मांडणीपासून. सामान्य माणसाच्या संगणकावर खिडक्या एकमेकींवर पडतात आणि तो त्या माउसने इकडेतिकडे सारतो. प्रगत वापरकर्त्यास हा गबाळेपणा सोसत नाही म्हणून तो टायलिंग, म्हणजे फरशीवजा मांडणी करणारे खिडकी-व्यवस्थापक वापरतो, ज्यांपैकी २००९ सालचा आयथ्री हा विशेष लोकप्रिय आहे. यांत कोणतीही खिडकी दुसरीवर चढत नाही. नवी उघडली की आधीच्या खिडक्यांच्या क्षेत्रातून तिला हिस्सा तोडून दिला जातो. चौथ्या-पाचव्या खिडकीनंतर पडद्याची अवस्था तीन पिढ्यांच्या वाटण्या झालेल्या सातबाऱ्यासारखी होते: नावे पुष्कळ, पोटहिस्से स्पष्ट, बांध सरळ, आणि कोणत्याही तुकड्यात काही पेरता येईल इतकी जागा नाही. शेतजमिनीसाठी असा प्रकार रोखण्यास १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. चौदा इंची लॅपटॉपसाठी तो कोणी केलेला नाही. मग हा मनुष्य प्रत्येक खिडकी पूर्ण पडद्यावर पसरवून एकेक करून वापरू लागतो, म्हणजे विसाव्या शतकातील एकपडदी संगणकापाशी अभ्यासपूर्वक परत येतो, आणि माउस लागत नाही हे आवर्जून सांगतो. माउस त्याच्या बॅगेत असतो.

संपादकाच्या, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या साधनाच्या निवडीवरून १९७६ पासून दोन तट पडलेले आहेत, कारण व्हीआय आणि ईमॅक्स हे दोन्ही त्याच वर्षीचे. पुढे नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये व्हीआयची सुधारलेली विम ही आवृत्ती आणली, आणि ती उघडताच पहिल्या पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन दिसते, जे वाचण्यास अनेकांना भरपूर सवड मिळते, कारण त्यांना पुढे काय करावे हे कळत नसते. विमच्या बाहेर कसे पडावे या विषयावरील विनोद आता इतके जुने झाले आहेत की ते स्वतःच त्यातून बाहेर पडत नाहीत, त्यामुळे येथे त्यांना स्पर्श न केलेला बरा. मराठी लिहिणाऱ्याची अडचण निराळी आहे आणि तिच्याकडे जगाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

विममध्ये लिहिण्याची एक अवस्था असते आणि आज्ञेची दुसरी. आज्ञेच्या अवस्थेत कळफलकावरील अक्षरे अक्षरे राहत नाहीत, ती हत्यारे होतात, म्हणजे डी ही कळ दोनदा दाबली की ओळ पुसली जाते आणि एच, जे, के, एल या चार कळांनी डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जाता येते. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठी ठरविलेला प्रमाण कळफलक, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात, तो चालू असताना डीच्या कळेवर पाय मोडण्याचे चिन्ह असते. परिणामी मराठी परिच्छेद लिहून आज्ञेच्या अवस्थेत आलेला आणि कळफलक इंग्रजीवर आणण्यास विसरलेला लेखक ओळ पुसू पाहतो तेव्हा विमच्या पदरी दोन मोडके पाय पडतात, ओळ जागची हलत नाही, आणि वरखाली जाण्यासाठी दाबलेल्या कळांमधून ‘र’ आणि ‘क’ हे वर्ण एका बहिऱ्या कारकुनापुढे टाकले जातात. याच्या उलट चूक अधिक टिकाऊ असते. काम आटोपले, साठवून बाहेर पडावयाचे, म्हणून लेखक अपूर्णविराम, डब्ल्यू आणि क्यू या तीन कळा सवयीने दाबतो. परंतु लिहिण्याची अवस्था सुटलेली नाही आणि कळफलकही मराठीच आहे, म्हणून परिच्छेदाच्या शेवटी ‘छ’ उमटून त्यावर ऐकार आणि औकार अशा दोघांच्या मात्रा चढतात: ‘छैौ’. ग्रामसभेच्या इतिवृत्तापासून पतसंस्थेच्या अहवालापर्यंत कोणत्याही मजकुराखाली हा शेरा आढळला, तर लिहिणारा विम वापरतो असे खुशाल समजावे. क्वचित तो शेरा मजकुराला शोभतोही.

यावर उपाय नाही असे नाही. लिहिण्याची अवस्था सोडताच कळफलक आपोआप इंग्रजीवर आणणाऱ्या आणि परत शिरताच मराठीवर नेणाऱ्या पूरक आज्ञावल्या उपलब्ध असून आयबस व एफसीआयटीएक्स या टंकलेखनव्यवस्थांशी त्या जोडता येतात. मराठीत नियमित लिहिणाऱ्या प्रगत वापरकर्त्याने विमसाठीच्या अन्य शोभेच्या जोडण्यांआधी ही एक बसवावी. तिच्यामुळे विम अधिक सुंदर दिसत नाही, हेच बहुधा तिच्या अप्रसिद्धीचे कारण असावे.

आता टर्मिनलकडे वळणे भाग आहे, कारण प्रगत वापरकर्ता राहतो तेथेच. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी. तिची रचना चौकोनांच्या जाळीची असून एका चौकोनात एक अक्षर असा तिचा दंडक आहे, आणि एका ओळीत ऐंशी चौकोन ही प्रथा तर आयबीएमने १९२८ साली आणलेल्या ऐंशी स्तंभांच्या छिद्रपत्रापर्यंत मागे जाते. इंग्रजीस ही जाळी मानवते. देवनागरीत मात्र वर्ण जोडाक्षरात शिरतात, मात्रा वर चढतात, उकार खाली लोंबतात आणि ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात नंतर येऊन लिहिताना आधी उभी राहते. हे सारे नीट जुळवून आकार देण्याचे काम हार्फबझ यासारखी आकारयंत्रे करतात, जी फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांच्या पोटात असतात, परंतु कित्येक टर्मिनले, विशेषतः वेगाची फुशारकी मिरविणारी, त्यांना जवळ फिरकू देत नाहीत, कारण आकार देण्यात वेळ जातो आणि चौकोन मोडतो.

या बाबतीत कळवणचे भाग्य थोर म्हटले पाहिजे. क, ळ, व, ण. या नावात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. चार वर्ण, चार चौकोन, आणि जगातील अत्यंत अडाणी टर्मिनलवरही, देवनागरीचा फॉन्ट असला की, ते सुरेख उमटते. तालुक्यातीलच ‘सप्तशृंगी’ हे नाव घ्यावे, तर बोलणाऱ्याच्या हिशेबाने त्यातही अक्षरे चारच आहेत: स, प्त, शृं, गी. डब्ल्यूसी या मोजणाऱ्या साधनास विचारले असता ते कळवणमध्ये चार आणि सप्तशृंगीत नऊ वर्ण असल्याचे सांगते, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील सर्व लिप्यांच्या वर्णांस क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, पाय मोडण्याचे चिन्ह, ऋकार, अनुस्वार आणि वेलांटी यांस प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे. नऊ वर्ण, चार अक्षरे आणि चौकोन किती द्यावयाचे याविषयी टर्मिनल व त्यात चालणारा कार्यक्रम यांचे एकमत नाही, अशा स्थितीत देवीचे नाव ओळीवर पसरते, मात्रा शेजारच्या अक्षरास चिकटतात आणि कर्सर जेथे दिसतो तेथे नसतो. तालुक्यातील अभोणा या गावाच्या नावाची स्थिती मधलीच. ओळ उलटी करून दाखविणाऱ्या रेव्ह या साधनास ‘अभोणा’ दिले, तर ते शेवटचा काना सर्वांत पुढे आणून ठेवते आणि तो टेकण्यासाठी अक्षर शोधत उघड्यावर उभा राहतो.

ही उपेक्षा कोणी काही केले नाही म्हणून झालेली नाही, हे नोंदविणे न्यायाचे होईल. २००० सालच्या सुमारास इंडलिनक्सच्या मंडळींनी लिनक्स भारतीय भाषांत आणण्याचे काम हाती घेतले. रेड हॅटने लोहित फॉन्ट २००४ मध्ये खुले केले आणि २०११ मध्ये ते मुक्त फॉन्ट परवान्याखाली आणले. सी-डॅकचे बॉस हे वितरण २००७ मध्ये आले. आणि नोम, केडीई, लिबरऑफिस यांच्यातील हजारो वाक्ये स्वयंसेवकांनी आणि रेड हॅटच्या पुण्यातील भाषांतरकारांनी मराठीत आणली. या कष्टांचे फळ म्हणून आज लिनक्सचे पडदे बऱ्याच अंशी मराठीत वाचता येतात, आणि ते वाचणाऱ्यांत प्रगत वापरकर्ता जवळजवळ नसतो. तो नवे वितरण बसविताच भाषा इंग्रजी करून घेतो. मराठी चूक-संदेशाचा अर्थ त्यास कळत नाही असे मुळीच नाही, उलट तो चटकन कळतो. पण तोच संदेश शोधयंत्रात टाकला असता जगात इतर कोणावरही हा प्रसंग आलेला नाही असे उत्तर येते, आणि संकटात एकटे असल्याची जाणीव मातृभाषेत अधिक बोचते.

उपयुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, याचे उत्तर खरे पाहता कांद्याच्या भावात सापडते. बाजार समित्यांतील आवक आणि दर राज्य कृषी पणन मंडळ रोज प्रसिद्ध करते. त्यात शेतमाल, प्रत, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. हे आकडे वर्षभर जमवून ठेवले, तर चाळीतला कांदा कोणत्या आठवड्यात काढावा याविषयी निदान गेल्या वर्षी काय झाले एवढे तरी सांगता येते. या कामासाठी बेल प्रयोगशाळेत १९७७ साली तयार झालेले ऑक हे साधन पुरते; ते फाईल ओळीओळीने वाचते, प्रत्येक ओळीचे रकाने पाडते आणि सांगितलेला हिशेब करते. एका ओळीची आज्ञा, क्षणार्धात वर्षाची सरासरी. परंतु ज्या फाइलीत आकडे देवनागरी अंकांत लिहिलेले असतील, तेथे ऑक त्यांस अंक मानत नाही. त्याच्या लेखी ‘१२००’ ही केवळ चार चिन्हे असून त्यांची किंमत शून्य आहे, म्हणून वर्षभराच्या दरांची सरासरीही शून्यच निघते. ही चूक धोकादायक अशासाठी की, उन्हाळ कांद्याचा सरासरी भाव शून्य आला, तर तो उत्पादकास अगदीच अविश्वसनीय वाटेल याची खात्री देता येत नाही.

मग अंक बदलावयाचे. अक्षराच्या जागी अक्षर ठेवणारे टीआर हे साधन अशा कामासाठीच असल्याचे प्रत्येक पुस्तक सांगते, परंतु त्याची लिनक्सवर प्रचलित असलेली जीएनयू आवृत्ती अक्षर मोजत नाही, बाइट मोजते; देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइटांचा असल्याने ते त्यांचे असे काही तुकडे पाडते की, निघालेला मजकूर कोणत्याच लिपीत मोडत नाही. सेड हे साधन मात्र हेच काम विनातक्रार करते, कारण चालू भाषासंचाची दखल घेण्याचे सौजन्य त्याच्या अंगी आहे. भाषासंच म्हणजे त्या त्या भाषेतील वर्ण, त्यांचा क्रम आणि आकडे-तारखा लिहिण्याची रीत यांविषयी संगणकास दिलेली सूचना. प्रगत वापरकर्ता वेगाच्या मोहाने ती बंद करून ‘सी’ हा ओबडधोबड भाषासंच लावतो, ज्यात क्रम लावण्याचे काम खरोखरच जलद होते, आणि मग तालुक्यांच्या यादीत कळवण हे कवठे महांकाळच्या आधी येऊन बसते, कारण युनिकोडने ळ हे अक्षर लच्या शेजारी, म्हणजे वच्या आधी ठेवले आहे, तर मराठी वर्णमालेत ते हनंतर येते. दोन सेकंद वाचले, आणि यादी घेऊन आलेल्या कारकुनास वर्णमाला शिकविण्यात अर्धा तास गेला.

उपयुक्ततेचे दुसरे उदाहरण तितके नाट्यमय नाही, पण अधिक वजनाचे आहे. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे आणि परीक्षांचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात, आणि प्रत्येक अर्जास विद्यार्थ्याचे छायाचित्र ठरावीक लांबीरुंदीचे व ठरावीक केबींच्या आतले हवे असते. आश्रमशाळांचा तालुका असल्याने अशी छायाचित्रे शेकड्यांनी तयार करावी लागतात, आणि मोबाइलने काढलेले प्रत्येक छायाचित्र काही एमबींचे असते. १९९० साली प्रसिद्ध झालेले इमेजमॅजिक हे संपूर्ण फोल्डरमधील छायाचित्रे एका आज्ञेने कापून, लहान करून, सांगितलेल्या केबींच्या आत बसवून देते. ज्या कामास माउसधारी मनुष्यास दोन दिवस लागतील ते चहा निवण्यापूर्वी उरकते. त्यातील मॉग्रिफाय ही आज्ञा मात्र नवी प्रत न काढता मूळ छायाचित्रावरच शस्त्रक्रिया करते, म्हणून आधी प्रत काढून ठेवणे इष्ट, आणि ती आरसिंकने काढताना तिरक्या रेघेकडे लक्ष असणे त्याहून इष्ट. हे काम करून देणाऱ्यास शाळेत ‘फोटोवाले सर’ म्हणतात. त्याच्या टर्मिनलचा रंग कोणता आहे हे कोणी विचारत नाही.

तो मात्र रंगांवर पुष्कळ वेळ देतो. ज्यांच्या नावाआधी टिंब असल्याने त्या सहसा दिसत नाहीत, अशा मांडणीच्या फाइलींत तो अक्षरांचा आकार, कडांची जाडी आणि घड्याळाचे स्थान लिहून ठेवतो, त्या फाइलींचा इतिहास गिटमध्ये, म्हणजे टॉरव्हाल्ड्सनेच २००५ साली लिहिलेल्या बदलनोंदणीच्या साधनात जपतो, आणि अशा प्रकारे घड्याळ डावीकडून उजवीकडे नेण्याच्या निर्णयाचा दस्तऐवज पुढील पिढ्यांसाठी उपलब्ध राहतो. प्रोसेसरवरील ताण दाखविणारे एचटॉप हे साधन तर तो कायम एका पोटहिश्श्यात उघडे ठेवतो. लॅपटॉपवर दुसरे काहीच चालू नसल्याने त्या यादीच्या माथ्यावर बहुतेक वेळ एचटॉप हेच नाव असते.

एवढी निवड, पारख आणि मांडणी झाल्यावर छपाईचा प्रश्न उरतो, आणि तो लिनक्समध्ये १९९९ पासून कप्स ही व्यवस्था सोडविते, जर समोरच्या प्रिंटरच्या निर्मात्याने लिनक्सची दखल घेतलेली असेल तर. घेतलेली नसेल, तर विममध्ये लिहिलेला, गिटमध्ये नोंदविलेला, पॅनडॉक या साधनाने रूपांतरित केलेला आणि लोहित फॉन्टात बसविलेला अर्ज पीडीएफच्या रूपात पेनड्राइव्हवर घालून गावातल्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात न्यावा लागतो, जेथे श्रीलिपीत लग्नपत्रिका जुळवीत बसलेला चालक ती फाईल उघडतो, अर्धे मिनिट न्याहाळतो, छापून देतो आणि पैसे घेताना तळाशी उमटलेल्या ‘छैौ’वर बोट ठेवून विचारतो, “दादा, हे असंच ठेवायचं होतं का?”